मुलगा 21 चा होतोय आणि ग्रीन कार्डचा पत्ता नाही, आता काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल आणि माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच सांगता येईल. तुम्ही न्यू जर्सीत, 2011 पासून एच-1बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. वहिनी एच-4 वर (एच-1बी वाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा), ईएडी म्हणजे कामाचा परवाना आहे, नोकरी करतात. मुलगा पाच वर्षांचा असताना आणलात, तो आता 19 वर्षं 4 महिन्यांचा, स्टेट युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स करतोय, अजून एच-4 वरच. धाकटी लेक इथेच जन्मलेली, सिटिझन, 11 वर्षांची. ग्रीन कार्डची रांग ईबी-2 इंडिया (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची दुसरी श्रेणी, भारतात जन्मलेल्यांची), प्रायॉरिटी डेट (पीडी, म्हणजे रांगेत नंबर लागल्याची तारीख) मार्च 2016. 2019 मधे नोकरी बदललीत, पीडी जुनीच राहिली. ऑक्टोबर 2027 मधे मुलगा 21 चा होणार, आणि तुम्ही विचारताय की त्याला परत जावं लागेल का, की सीएसपीए (रांगेत 21 ओलांडणाऱ्या मुलांसाठीचा कायदा) मधे तो वाचेल. शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय की वहिनी म्हणतात, तो जाणार असेल तर सगळेच पुण्याला जाऊ.

मी इमिग्रेशनची वकील, 19 वर्षं हेच काम करतेय, त्यातली बरीच वर्षं आपल्याच लोकांच्या फायली. खाली लिहितेय ती माहिती समजा, तुमच्या केसचा सल्ला नाही, कारण कागद मी पाहिलेले नाहीत आणि या विषयात एका तारखेने उत्तर उलटं होतं.

एक गोष्ट आधीच सांगते, थोडी कडू आहे. तुम्ही सगळा प्रश्न "आमची पीडी कधी करंट होणार" (म्हणजे तुमचा नंबर कधी लागणार) या बाजूने विचारलाय. मी तो "मुलाकडे स्वतःचं काय आहे" या बाजूने घेणार आहे. तुमच्या रांगेच्या भरवशावर तो वाचेल असं मला वाटत नाही, का वाटत नाही त्याचं गणित सांगते.

1990 च्या कायद्याने नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला 1,40,000 ठरवली, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातली साधारण 7 टक्के. या आकड्यात बायकामुलंही मोजली जातात, म्हणजे चौघांचं कुटुंब आलं की चार नंबर गेले. ईबी-2 चा वाटा 28.6 टक्के, म्हणजे सुमारे 40,000, त्याचे 7 टक्के केले की भारताच्या वाट्याला 2,800 च्या आसपास, घरच्यांसकट. बाकी देशांनी वापरले नाहीत ते वर मिळतात, पण ते कुणाच्या हातात नसतं. एच-1बी मात्र दरवर्षी 85,000 नवे, आणि त्यात देशाची मर्यादा नाही. दार रुंद, जिना अरुंद, आणि तीस-पस्तीस वर्षं लोक जिन्यावर साठत गेले.

आता वेग बघा. ऑक्टोबर 2024 च्या व्हिसा बुलेटिनमधे (सरकारचं दर महिन्याचं रांगेच्या तारखांचं पत्रक) ईबी-2 इंडियाची फायनल अॅक्शन डेट 15 जुलै 2012 होती (त्या आधीच्या पीडीवाल्यांनाच कार्ड मिळतं), ऑक्टोबर 2025 मधे 1 एप्रिल 2013. बारा महिन्यांत साडेआठ महिने सरकली. याच चालीने गेली तर ऑक्टोबर 2027 ला आपण 2014 च्या सप्टेंबरच्या आसपास असू, आणि तुम्ही उभे आहात मार्च 2016 वर. मधे ती धावतेही, नाही असं नाही. कोविडमधे कॉन्सुलेट्स बंद पडली, फॅमिलीचे न वापरलेले व्हिसा पुढच्या वर्षी नोकरीवाल्यांकडे आले आणि सप्टेंबर 2022 पर्यंत ईबी-2 इंडिया थेट 1 डिसेंबर 2014 ला पोचली. लोकांनी पेढे वाटले. पुढच्याच महिन्यात ती 1 एप्रिल 2012 वर मागे आली, डिसेंबरात 8 ऑक्टोबर 2011. त्या सप्टेंबरात ज्यांचा 485 (नंबर लागल्यावर भरायचा ग्रीन कार्डचा अर्ज) आत होता त्यांच्या मुलांचं वय गोठलं, आणि ज्यांनी मेडिकलची अपॉइंटमेंट उशिरा घेतली म्हणून पंधरा दिवस घालवले त्यातली काही मुलं आज एफ-1 वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहेत. तेव्हा "मधे कधीतरी उडी मारेल" हे शक्य आहे, मी त्याला नाकारत नाही, पण त्यावर पोराचं कॉलेज बेतू नका.

आता सीएसपीए. ऑगस्ट 2002 चा कायदा, चांगल्या मनाने केलेला. हिशोब असा: ज्या दिवशी तुमची पीडी करंट होते त्या दिवशीचं मुलाचं खरं वय घ्यायचं आणि त्यातून आय-140 (कंपनीने तुमच्यासाठी भरलेला अर्ज) जितके दिवस पेंडिंग होता तितके वजा करायचे. उरलेलं वय 21 च्या आत असेल, त्याचं लग्न झालेलं नसेल आणि वर्षभरात त्याने अर्ज केला, तर तो अजून "मूल". लोक इथे दोन ठिकाणी चुकतात, आणि तुमच्या पोस्टवरून तुम्ही दोन्हीकडे चुकताय अशी मला शंका आहे, राग मानू नका.

पहिली चूक. तुम्ही लिहिलंय "आमचा आय-140 सात महिने पेंडिंग होता, म्हणजे 21 वर्षं 7 महिन्यांपर्यंत वेळ आहे". तो सात महिनेवाला आय-140 तुमच्या जुन्या कंपनीचा, 2016 चा. 2019 मधे नव्या कंपनीने नवा पर्म (कामगार खात्याची मंजुरी) आणि नवा आय-140 केला, आणि तुम्हीच पुढे लिहिलंय की तो प्रीमियममधे (जादा फी भरून झटपट निकाल) 12 दिवसांत आला. पीडी जुनी चालते हे खरं, पण वजा करायचे दिवस मोजतात ते ज्या आय-140 वर 485 उभा राहणार त्याचे. म्हणजे तुमच्या हातात सात महिने नसून 12 दिवस आहेत. जुन्या कंपनीत परत जायची खरी ऑफर असेल आणि त्यांनी तो आय-140 मागे घेतला नसेल तर जुन्याचा विचार होऊ शकतो, पण तशी माणसं मी हाताच्या बोटांवर पाहिली.

इथे माझी एक कबुली. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मीच कितीतरी जणांना सांगितलंय की प्रीमियम करून टाका, डोक्याला ताप नको, दोन आठवड्यांत अॅप्रूव्हल. फी कंपनी भरायची, सगळे खूष. त्यात एक कुटुंब ठाण्याचं होतं, मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, 21 कुणाच्या डोक्यातच नव्हतं. ती एज-आऊट झाली, म्हणजे 21 ओलांडून रांगेतून बाहेर पडली, तेव्हा हिशोब केला, साध्या रांगेत आय-140 आठ महिने पडून राहिला असता तर ती साडेतीन महिन्यांनी वाचली असती. सरकारचा आळस तिच्या कामाला आला असता आणि आम्ही पैसे भरून तो घालवला. तेव्हापासून घरात मूल आहे का, किती वर्षांचं, हे विचारल्याशिवाय मी प्रीमियमचा फॉर्म पुढे सरकवत नाही. (प्रीमियम वाईट असं नाही हं, नोकरी बदलताना, सहा वर्षं संपत आली असताना करावंच लागतं.)

दुसरी चूक चार्टची. बुलेटिनमधे दोन तक्ते असतात, फायनल अॅक्शन आणि डेट्स फॉर फायलिंग (485 नुसता भरता येतो ती तारीख). फेब्रुवारी 2023 मधे यूएससीआयएसने, म्हणजे इमिग्रेशन खात्याने, ठरवलं की वय गोठवायला फायलिंगचा तक्ता चालेल, आणि बऱ्याच घरांनी सुटकेचा श्वास घेतला. ऑगस्ट 2025 मधे ते फिरवलं, 15 ऑगस्ट 2025 पासून भरलेल्या अर्जांना परत फायनल अॅक्शनचाच तक्ता. म्हणजे उद्या फायलिंग डेट मार्च 2016 च्या पुढे गेली, तिघांचा 485 भरलात, मुलाला ईएडी आलं, त्याने नोकरीही धरली, तरी फायनल अॅक्शन डेट येईपर्यंत त्याचं वय वाढतंच राहणार, आणि मधे 21 ओलांडलं की त्याच्या एकट्याचा अर्ज नाकारला जाईल. तुम्हा दोघांचा चालू राहील. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा 2023 चा मेसेज अजून लोक मला पाठवतात, म्हणून इतकं खोलात लिहिलं.

तर इथपर्यंत काय झालं: रांग बहुतेक पोचणार नाही, आणि सीएसपीएची उशी तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच पातळ आहे.

पुढे जायच्या आधी एक प्रश्न, फार कमी लोक विचारतात. वहिनींचा जन्म कुठला? नागरिकत्व नाही विचारत, जन्म. 7 टक्क्यांची मर्यादा पासपोर्टवर नसून जन्मस्थळावर आहे, आणि नवराबायकोपैकी कुणा एकाच्या जन्मदेशाची रांग दोघांना आणि मुलांना वापरता येते. आपल्याकडे कितीतरी बायका-पुरुष मस्कत, कुवेत, दुबई, अबुधाबीला जन्मलेले आहेत, वडील तिकडे नोकरीला होते म्हणून. माझ्याकडे एक रत्नागिरीकडचं जोडपं आलं, दहा वर्षं इंडियाच्या रांगेत, आणि सहज गप्पांत बाई म्हणाल्या "माझा जन्म मस्कतचा, तीन वर्षांची असताना गावी आले". ओमानच्या रांगेत त्यांची पीडी तेव्हाच करंट होती. आधीच्या कुठल्या वकिलाने विचारलंच नव्हतं आणि त्यांना वाटायचं इंडियन पासपोर्ट म्हणजे इंडिया. मुलाचा जन्म परदेशात झाला असेल तर त्याचा आईवडिलांना उपयोग नाही, फक्त जोडीदाराचा. तुमच्या पोस्टमधे काही नाही म्हणजे बहुधा दोघेही भारतातलेच, पण जन्मदाखला काढून बघा.

तसंच ईबी-3 चा तक्ता बघत राहा. कधी ईबी-3 इंडिया ईबी-2 च्या पुढे असते, तेव्हा त्याच पीडीवर ईबी-3 चा आय-140 करून खाली उतरता येतं. ऑक्टोबर 2020 मधे हजारो लोकांनी हेच केलं. तुमच्या बाबतीत याने महिने मिळतील, वर्षं मिळणार नाहीत असं मला दिसतं. शिवाय कंपनीची तयारी लागते आणि ती दरवेळी नसते.

आता मुलाकडे येऊ. 21 व्या वाढदिवशी एच-4 संपतं, कागदावर पुढची तारीख असली तरी. आय-94 वर (मुक्कामाच्या मुदतीचा कागद) 2028 लिहिलंय म्हणून निवांत राहिलेले लोक मी पाहिलेत. आणि डाकामधे (लहानपणी आणलेल्या, कागद नसलेल्या मुलांना दिलेलं तात्पुरतं संरक्षण) बसेल का असं खाली कुणीतरी विचारलंय, नाही. जून 2012 मधे डाका आलं तेव्हा अट अशी होती की 15 जून 2012 ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसलं पाहिजे. रीतसर व्हिसा घेऊन आलेलं मूल त्यात बसतच नाही. आमच्या या पोरांना इकडे "डॉक्युमेंटेड ड्रीमर्स" म्हणतात, संघटनांच्या अंदाजाने दोन लाखांच्या वर आहेत. त्यांच्यासाठी 2021 मधे अमेरिकाज चिल्ड्रन अॅक्ट नावाचं बिल आलं, दोन्ही पक्षांचे लोक त्यावर सही करून होते, परत 2023 मधे आलं, कायदा काही झाला नाही. देशाची मर्यादा काढायचं बिल तर जुलै 2019 मधे हाऊसमधे 365 विरुद्ध 65 ने पास झालं होतं, सेनेटने पुढच्या वर्षी वेगळं रूप पास केलं आणि दोघांचा मेळ बसायच्या आत मुदत संपली. बिलांवर मी आता अशिलांशी बोलत नाही, उगाच आशा लागते.

व्यवहारातला रस्ता म्हणजे एफ-1. कॉलेजकडून आय-20 (प्रवेशाचा कागद) घ्यायचा, सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची) 350 डॉलर फी, आणि आय-539 (स्टेटस बदलायचा अर्ज) भरून इथल्या इथे एच-4 चं एफ-1 करून घ्यायचं. अर्ज 21 व्या वाढदिवसाच्या आत पोचला पाहिजे, नंतर एक दिवसही नाही. कधी भरायचा यावर मतं वेगळी आहेत. लवकर भरला तर एच-4 वर मिळणारी इन-स्टेट फी जाऊ शकते, हे राज्यागणिक आणि कधी कॉलेजागणिक बदलतं, म्हणून बर्सारच्या, म्हणजे कॉलेजच्या फी ऑफिसच्या, खिडकीत स्वतः जाऊन लेखी विचारा, मित्राच्या मुलाचं काय झालं त्यावर जाऊ नका. उशीर केला आणि त्यांनी काही कागद मागितले तर जीव टांगणीला. मी साधारण वाढदिवसाच्या आठ-दहा महिने आधी भरते, तुमच्या बाबतीत डिसेंबर 2026 च्या आसपास. आणि हो, तोपर्यंत तुमचा 485 भरला गेला असला तरी एफ-1 करून ठेवा, नाहीतर 485 नाकारला त्या दिवशी त्याच्या पायाखाली काहीच नसेल.

एफ-1 मधे एक खोच आहे. एच-1बी ला "इथे कायम राहायचा विचार आहे" म्हटलेलं चालतं, एफ-1 ला चालत नाही, शिकून परत जाणार असं दाखवावं लागतं. बापाचा आय-140 डोक्यावर असताना पाचव्या वर्षी आलेलं पोर परत जाणार हे कसं दाखवणार? इथल्या इथे बदलताना माझ्या बहुतेक केसेस निघाल्यात, पण एफ-1 वर पहिल्यांदा देशाबाहेर पडला की कॉन्सुलेटमधे स्टॅम्प घ्यावा लागेल आणि खिडकीपलीकडचा माणूस हा प्रश्न विचारेल. त्याची मराठी बोबडी, बारावीपर्यंतचं सगळं शिक्षण इथलं, पुण्यात काय आहे म्हणे तर आजी. म्हणून सांगते, एफ-1 झाल्यावर निदान डिग्री होईपर्यंत त्याला भारतात नेऊ नका. आजीला इकडे बोलवा.

आणि एच-4 वर असतानाही आता नेऊ नका. डिसेंबर 2025 च्या मध्यापासून एच-1बी आणि एच-4 वाल्यांचं सोशल मीडिया तपासणं सुरू झालं आणि भारतातल्या ठरलेल्या अपॉइंटमेंट्स कित्येक महिने पुढे ढकलल्या गेल्या. माझ्याकडची एक आई आणि मुलगा ख्रिसमसच्या सुट्टीत भावाच्या मुंजीला गेले, बीकेसीची, म्हणजे मुंबई कॉन्सुलेटची, तारीख हातात होती, ती गेली. मुलगा साडेवीस वर्षांचा. बाप आणि धाकटी इकडे, ती दोघं डोंबिवलीत एका खोलीत, पोराचं सेमिस्टर बुडालं, आणि तारीख येईपर्यंत तो 21 होतोय की काय अशी अवस्था. कुणी त्यांना हाकललं नाही, कुणी काही नाकारलंही नाही.

"फॅमिली सेपरेशन" म्हटलं की लोकांना 2018 आठवतं, मेक्सिकोच्या सीमेवर झीरो टॉलरन्सच्या नावाखाली मुलं आईबापांच्या हातातून काढून घेतली, एकूण पाच हजारांच्या वर. त्याच्याशी आपली तुलना मी करत नाही, त्यातल्या काही आईबापांना मूल कुठे ठेवलंय हेही कळत नव्हतं. आपल्याकडे घर फुटतं ते वाढदिवसाच्या तारखेने आणि आय-797 च्या (इमिग्रेशन खात्याच्या नोटिशीच्या) कागदाने, आणि आधी अनेक वर्षं दिसत असतं म्हणून त्याला कुणी तसं नाव देत नाही.

एफ-1 नंतर काय? ओपीटीचे (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) 12 महिने, विषय स्टेममधे (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताची यादी) असेल तर आणखी 24. इथे तुमच्या मुलाच्या विषयाकडे लक्ष द्या. साधं इकॉनॉमिक्स स्टेमच्या यादीत नाही, पण "इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स", कोड 45.0603, आहे. बऱ्याच युनिव्हर्सिटींनी आपल्या डिग्रीचा कोड तसा बदलून घेतलाय, काहींनी एकाच डिपार्टमेंटमधे दोन्ही ठेवलेत. एक वर्ष आणि तीन वर्षं इतका फरक आहे, म्हणजे एच-1बी लॉटरीची (त्या 85,000 जागांसाठी दरवर्षीची सोडत) एखादी संधी की तीन-चार. सोमवारी अॅडव्हायजरकडे जाऊन आय-20 वर कुठला कोड येईल ते विचारायला सांगा, मेजर बदलायला अजून वेळ आहे. लॉटरीतही आता जास्त पगाराच्या नोकरीला झुकतं माप आहे, नव्या पोराला ते जडच जाणार. आणि सप्टेंबर 2025 पासून जी 1,00,000 डॉलरची फी आली ती देशाबाहेरून नव्याने एच-1बी वर येणाऱ्याला लागते, इथे राहून एफ-1 चं एच-1बी करणाऱ्याला लागत नाही असं ऑक्टोबरमधे स्पष्ट केलं. म्हणून "दोन वर्षं पुण्यात नोकरी करू दे, मग येईल परत" हा जुना सल्ला आता मी देत नाही. तो बाहेर गेला तर परतीचं तिकीट एक लाख डॉलरचं आहे, आणि पंचविशीच्या पोरासाठी कुठली कंपनी तेवढं भरते?

एच-1बी लागला तरी ग्रीन कार्डच्या रांगेत तो तुमच्या जागी उभा राहत नाही. त्याची पीडी नवी, इंडियाच्या शेपटीला. तुम्हाला ग्रीन कार्ड मिळालं की तुम्ही त्याच्यासाठी एफ2बी मधे (ग्रीन कार्डवाल्यांच्या 21 वरच्या मुलांची रांग) अर्ज करू शकता, तीही बरीच वर्षांची रांग आहे, आणि तिथे एक खड्डा आहे जो आपल्या घरांना हमखास लागतो: तो अविवाहित राहिला पाहिजे. तुम्ही सिटिझन व्हायच्या आधी त्याने लग्न केलं तर तो अर्ज तिथेच मेला. माझ्याकडे एकदा पत्रिका छापून झाल्यावर आई विचारायला आली होती, आणि मी तिला साखरपुड्यावर थांबा सांगितलं, तर मुलीकडच्यांना वाटलं मुलात काही दोष आहे. धाकटी 21 ची झाली की तुम्हा दोघांसाठी अर्ज करू शकेल, भावासाठीही करेल, पण भावाबहिणींची भारताची रांग पंधरा-वीस वर्षांची. एका घरात एच-1बी, एच-4, एफ-1 आणि सिटिझन, चार माणसं चार खात्यांत.

ईबी-5 चं, म्हणजे गुंतवणुकीवरच्या ग्रीन कार्डाचं, कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून दोन ओळी. 8,00,000 डॉलर, मुलाच्या नावाने, पैसे तुम्ही गिफ्ट देऊ शकता. ज्यांच्याकडे खरंच आहेत त्यांनी केलंय, काहींचं जमलंय. घर विकून, 401के (निवृत्तीची बचत) मोडून करू नका, प्रोजेक्ट बुडाला तर पैसे आणि पोर दोन्ही गेलं. कॅनडा जास्त जणांना परवडतं. एक मुलगी आमची मागच्या वर्षी डिग्री घेऊन टोरांटोला गेली, आईवडील गणपतीला तिच्याकडे जातात. बापाचा एच-1बी स्टॅम्प संपलेला आहे, पण कॅनडात 30 दिवसांच्या आतली फेरी असेल आणि आय-94 चालू असेल तर परत येता येतं, त्यामुळे निदान ते दीड दिवस सगळे एकत्र असतात. कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा मात्र घ्यावा लागतो.

आता वहिनींचं. बरेच लोक त्यांना "भावनेच्या भरात बोलू नकोस" म्हणतील, मी नाही म्हणणार. पण सगळे पुण्याला गेलात तर कुणाचं काय होतं ते बघा. तुमचा आय-140 टिकून राहू शकतो, कंपनीची ऑफर कायम असेल तर पीडी आल्यावर मुंबईतून व्हिसाही घेता येतो, म्हणजे तुमचं दार लगेच बंद होत नाही. धाकटीचा पासपोर्ट अमेरिकेचा, ओसीआय काढा, तिची शाळा मराठी-हिंदीसकट नव्याने सुरू. ज्याच्यासाठी सगळे चाललाय त्याचं मात्र अर्धवट कॉलेज मागे राहतं, आणि महाराष्ट्रात दहावी-बारावी नाही म्हणजे राज्याच्या कोट्यात तो बसणार नाही, एनआरआय कोटा किंवा प्रायव्हेट. इकडे आऊट-ऑफ-स्टेट, तिकडे डोमिसाइल नाही. परत जायचंच असेल तर त्याची डिग्री झाल्यावर जा, किंवा धाकटीचं वय बघून ठरवा, पण त्याला सोबत म्हणून नको.

तुमच्या एवढ्या लांब पोस्टमधे मुलगा काय म्हणतोय याची एकही ओळ नाही, हे मला सगळ्यात आधी दिसलं होतं. माझ्या ऑफिसात आईवडील येतात, फाइल काढतात, मुलगा बाहेर गाडीत बसलेला. कित्येक मुलांना कॉलेजचा फॉर्म भरताना कळतं की आपण सिटिझन नाही आहोत, फेडरल एड मिळत नाही, पगारी इंटर्नशिप करता येत नाही, मित्र विचारतात तर काहीतरी कारण सांगतात. तुमचा 19 चा आहे. एफ-1 चा आय-539 त्याच्या नावाने जाईल, सही त्याची, कॉन्सुलेटच्या खिडकीत तो एकटा उभा राहणार. त्याला ऑक्टोबर 2027 माहीत आहे का? कदाचित तो म्हणेल मला कॅनडा चालेल, कदाचित म्हणेल मला इथेच राहायचंय आणि मी क्वांटकडे वळतो, कदाचित चिडेल, की मला विचारून आणलं होतं का. तेही बोलू द्या. आधी घरात बोला आणि वकिलाकडे त्याला घेऊन जा, गाडीत बसवू नका.

आज रात्री फक्त एवढं करा. दोन्ही आय-140 च्या अॅप्रूव्हल नोटिसा काढा, त्यावरची रिसीव्ह्ड डेट आणि नोटिस डेट लिहून घ्या (प्रायॉरिटी डेट नव्हे, ती पर्मची असते, लोक तीच मोजतात), आणि वहिनींचा जन्मदाखला. नाव, नंबर, ए-नंबर काही इथे टाकू नका, नुसत्या तारखा टाका, दिवस मी मोजून देते.